मुकीची साक्ष

आमच्या भागात माणसाच्या व्यंगावरून त्याचं नाव पडतं आणि ते जन्मभर चिकटतं. पाय अधू असला की लंगडा, दिसत नसलं की आंधळी, उशिरा उमगतं म्हणून येडी, बोलता येत नाही म्हणून मुकी. त्यात कुणाला फार वाईटपणा वाटत नाही. ‘मुकी जेवली का गं?’ असं विचारणारी तिची आईच असते. माझ्या चुलतबहिणीचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते रेशनकार्डावर. तोवर आम्हा भावंडांना तिला नाव आहे हेच ठाऊक नव्हतं. ते नाव इथं लिहीत नाही. तिच्या सासरची माणसं अजून नांदती आहेत, आणि आमचीही.

ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणं आलं नाही. मूकबधिरांची शाळा ही त्या काळी शहरातली गोष्ट. केममधल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरीला ती कुठली दिसायला? पण तिला भाषा नव्हती असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. मिशीला पीळ दिला की तिचा बाप. दोन्ही हात गुडघ्यावर टेकून कण्हल्यासारखं केलं की आज्जी. कोपरातून हात पुढं-मागं ढकलले की रेल्वे. अंगठा कपाळावर टेकवला की केम, कारण आमचं गाव कुंकवाचं. उत्तरेश्वराच्या देवळाइतकीच केमची ओळख कुंकवाच्या कारखान्यांनी झालेली आहे. ती तिथं पुड्या भरायला जायची आणि कोपरापर्यंत लाल होऊन परत यायची. कारखान्यात आज कोण कुणाशी भांडलं, मुकादमानं कुणाचा खाडा धरला, हे सगळं ती खुणांनी असं रंगवून सांगायची की बोलणाऱ्या बायकांना जमणार नाही. तिची आई, म्हणजे माझी चुलती, ते अख्खं वाचायची. आम्हाला निम्मं-अर्धं कळायचं.

तिचं लग्न बिजवराशी झालं. ‘मुकीला कोण करतंय? पदरी पडलं पवित्र झालं,’ असं म्हणून थोरल्यांनी उरकलं. गाव रेल्वेच्या लाईनीलगत, आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. घरात नवरा, पहिलीची दोन लेकरं आणि एक धाकटा दीर.

१९८२ च्या उन्हाळ्यात ती एका पहाटे चालत परत आली. तिला रस्ता विचारता येत नव्हता आणि वाचताही येत नव्हता, पण रूळ केमला जातात हे माहीत होतं. म्हणून ती रात्रभर रुळानं चालली. मागून गाडी आली तर तिला ऐकू जाणार नव्हतं. केमच्या अलीकडं एका गँगमनच्या ध्यानात आलं की ही बाई शिट्टीला वळत नाही. त्यानं हात धरून बाजूला ओढली आणि घरापर्यंत आणून सोडली.

चुलतीनं तिला न्हाऊ घातलं तेव्हा पाठीवरचे वळ बघितले. मग मुकी सांगत बसली. तिच्या दिराच्या भुवईवर जुना व्रण होता. तिनं आपल्या भुवईवर बोटानं रेघ ओढली आणि पुढचं जे दाखवलं ते चुलतीनं बायकांनाच सांगितलं. आम्हा पुरुषांपर्यंत एवढंच आलं : ‘दिरानं. एकदा न्हाई. आन् नवऱ्याला ठावं हाय.’

चुलता तापट नव्हता, पण त्या दिवशी त्यानं पटका बांधला. तो, चुलती, मुकी आणि मी असे चौघं ठाण्यावर गेलो. मला नेलं ते मी घरात दहावीपर्यंत शिकलेला एकटा म्हणून. ठाणं कोणतं ते सांगून आता उपयोग नाही. तिथं झालेलं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

‘बोलता येतं का हिला?’

‘न्हाई साहेब. खुणेनं सांगती. म्या सांगते की तिचं.’

‘तू बघितलंस का तुझ्या डोळ्यांनी?’

‘म्या कशी बघीन? म्या केमला.’

‘मग फिर्याद कुणाची लिहू? आणि असं झालं तर ही वरडली का नाही?’

चुलती म्हणाली, ‘वरडली आसंल. मुकी रोजच आवाज काढती साहेब. तिच्या आवाजाला कोन धावतंय?’

त्यावर हवालदार काही बोलला नाही. त्यानं एक कागद लिहिला आणि शाईचा ठोकळा पुढं सरकवला. मी कागद मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला. ‘सासरी करमत नसल्याने माहेरी निघून आले आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ चुलत्यानं मुकीचा हात ठोकळ्यावरून उचलून घेतला. अंगठा न देताच आम्ही घरी आलो.

पुढं दोन्हीकडच्या चार माणसांची बैठक झाली. सासरच्यांनी ‘तिच्या डोक्यात फरक आहे’ असं सांगितलं. नांदायला पाठवायचं नाही एवढंच ठरलं. दिराला कुणी काही विचारलं नाही. मुकी पुन्हा कारखान्यात जाऊ लागली. आठवड्याच्या बाजाराला त्या गावची माणसं दिसली की ती काम टाकून घरी यायची आणि आतून कडी लावून घ्यायची.

कायद्याची बाजू मला कळली ती फार उशिरा, बांधाच्या दाव्यापायी. करमाळ्याच्या कोर्टात हेलपाटे घालताना एका वकिलांशी ओळख झाली. तारीख पडली की चहाला बसायचो. एकदा मी त्यांना मुकीची गोष्ट सांगितली. त्यांनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं आणि १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातलं ११९ वं कलम वाचून दाखवलं. ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही, त्यानं लिहून किंवा भर कोर्टात खुणा करून साक्ष द्यावी, आणि ती तोंडी साक्षच धरावी, असं त्यात होतं. आम्ही ठाण्यात उभे होतो तेव्हा त्या कलमाला ११० वर्षं झाली होती. मुकी जे मागत होती ते नवं काही नव्हतं. इंग्रजांनी लिहून ठेवलेलंच तिला कुणी दिलं नाही.

‘वरडली का नाही’ हा प्रश्नही एकट्या हवालदाराच्या डोक्यातून आलेला नव्हता, हेही त्याच वकिलांनी सांगितलं. १९७२ साली आपल्या विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केलेला नाही, अशा धरतीवर तो निकाल होता. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मथुरेला आवाज होता आणि बोलताही येत होतं. तरी तिचं गप्प राहणं तिच्याविरुद्ध गेलं. मग जिच्या आवाजाला शब्दच नाहीत, तिचं काय होत असेल?

आज कागदावर पुष्कळ सुधारलेलं आहे. ते नीट सांगतो, कारण गावात ते कुणाला ठाऊक नसतं.

दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये कायदा बदलला. दिव्यांग बाईवर लैंगिक अत्याचार झाला तर तिनं ठाण्यात जायचं नाही. पोलिसांनी तिच्या घरी, नाहीतर ती सांगेल त्या सोयीच्या जागी येऊन फिर्याद घ्यायची. सोबत दुभाष्या किंवा विशेष शिक्षक आणायचा. सगळ्याचं चित्रीकरण करायचं. मॅजिस्ट्रेटसमोर तिचा जो जबाब होईल तोच पुढं खटल्यात तिची सरतपासणी धरायची, म्हणजे तेच तेच पुन्हा सांगायला नको. फक्त उलटतपासणी राहते. १ जुलै २०२४ पासून जुने कायदे जाऊन नवी संहिता आली, तरी या तरतुदी त्यात तशाच आहेत.

न्यायालयांनीही यात भर घातली. महाराष्ट्रातलंच एक प्रकरण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुलगी मूकबधिर आणि थोडी मतिमंद. खालच्या कोर्टानं आरोपीला दोषी धरलं होतं. उच्च न्यायालयानं मात्र मुलीची स्वतःची साक्षच झाली नाही म्हणून त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मुलीची साक्ष नसली तरी बाकीचा पुरावा भक्कम असेल तर गुन्हा शाबीत होतो, असं सांगितलं. शिवाय अशा साक्षीदारांसाठी प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत निदान दोन वेगळी केंद्रं काढा, असा हुकूम दिला. आरोपीचं तोंड न बघता, धीरानं बोलता येईल अशी जागा. त्या दोन न्यायमूर्तींपैकी एक उदय ललित, ज्यांच्या घराण्याचं सोलापूरशी नातं आहे. २०२२ मध्ये पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अर्जावर न्यायालयानं अशी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात काढायला सांगितलं.

आंध्रातल्या एका अंध मुलीच्या खटल्यात २०२१ मध्ये आरोपीच्या बाजूनं शंका काढली गेली की, दिसत नाही तर तिनं माणूस ओळखला कसा? तो तिच्या भावांचा मित्र होता, घरी येणारा-जाणारा. तिनं त्याला आवाजावरून ओळखलं होतं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी तिची साक्ष डोळसाच्या साक्षीपेक्षा तसूभरही कमी नाही असं लिहिलं. शेतकऱ्याला हे पटवून द्यायला लागत नाही. अंधारात वैरण टाकायला गेलं तर म्हैस धन्याला आवाजावरून ओळखते. माणसाला मात्र हे कोर्टात सिद्ध करावं लागतं.

कागद चांगला आहे, पण तो माणसापर्यंत पोचत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०१८ मध्ये महाराष्ट्रासह आठ राज्यांतली १७ प्रकरणं तपासली. त्यांना दिसलं तेही हेच. कायद्यात दुभाष्या आहे, ठाण्यात नाही.

गेल्या काही वर्षांत मी एक प्रकरण जवळून पाहिलं. एका वस्तीवर पोलिओनं दोन्ही पाय गेलेली बाई भावाकडं राहते. बापाच्या जमिनीत तिचा हिस्सा आहे. भावाला हक्कसोड हवी होती. ती सही देईना. मग तिला मारणं नाही की शिव्या नाहीत. रोज सकाळी तिच्या कुबड्या उचलून माळ्यावर ठेवायच्या, एवढंच. पाणी पाहिजे तर सरपटत जा, परसाकडं जायचं तर सरपटत जा. सही केलीस की कुबड्या खाली. असं दीड महिना चाललं. गावात कुणी विचारलं तर ‘हात लावला नाही आम्ही तिला’ हे उत्तर तयार, आणि ते खरंही होतं.

अशा बाईसाठी सरकारनं केलेल्या सोयी एकेक बघा. १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर आहे. पण फोन भाच्याचा. बहिरी असती तर फोन असूनही उपयोग नव्हता. संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करायची तर तालुक्याला जायचं. वस्तीपासून डांबरी दोन किलोमीटर, पुढं एसटीची पहिलीच पायरी गुडघ्याच्या वर. तिला कुणाच्या तरी गाडीवर घालून आम्ही एका सरकारी कचेरीत नेलं. साहेब वरच्या मजल्यावर होते. शिपाई म्हणाला, ‘वर या.’ ती जिन्यावर बसली आणि हातांनी अंग उचलून एकेक पायरी मागच्या मागं चढायला लागली. लोक बघत होते. सातव्या की आठव्या पायरीवर कुणीतरी साहेबांना सांगितलं, तेव्हा ते खाली आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी जिन्यावरच बसून अर्ज घेतला. पण ते खाली येऊ शकतात हे शिपायाला आधीच ठाऊक असायला पाहिजे होतं.

सोलापूरला काही दिवस राहायची सोय बघावी का, असा विषय निघाला. संकटातल्या बायकांसाठी ‘सखी’ नावाची केंद्रं २०१५ पासूनच्या योजनेत आहेत. जेवण, निवारा, वकील, दवाखाना, सगळं एका ठिकाणी. बाईनं एकच विचारलं, ‘तिथं संडास कसला हाय?’ तिथं बसलेल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, ‘मग न्हाई येत.’ मला वाटतं, निवारा दिव्यांग बाईच्या उपयोगाचा आहे की नाही हे तपासायला तिचा हा प्रश्न पुरेसा आहे.

कुबड्या लपवणं हाही गुन्हाच आहे, हे आम्हाला त्याच वेळी कळलं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्यातल्या ९२ व्या कलमात दिव्यांगाच्या आधाराच्या साधनात आडकाठी आणली, किंवा आपल्या ताब्यातल्या दिव्यांगाला मुद्दाम अन्नपाणी दिलं नाही, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदाही फक्त नवऱ्या-बायकोपुरता नाही. एका घरात राहणाऱ्या बहिणीलाही तो लागू आहे. तिच्या कुबड्या परत मिळाल्या. जमिनीचं अजून चालू आहे.

मुकी आणि ही पोलिओवाली यांच्यात मला एकच गोष्ट सारखी दिसते. दोघींच्या दारात बसलेला माणूसच त्रास देणारा होता. धडधाकट बाई रात्री पोरं काखेला मारून निघून तरी येते. या बायकांचं जेवण, औषध, पगाराचा अंगठा, सगळं दुसऱ्याच्या हातात. सरकारी माणूस चौकशीला आला तर बोलतो कोण? तोच. आणि मुकीसारखीचं भाषांतर करतो कोण? तोच. शहरातून खुणांच्या भाषेचा शिकलेला दुभाष्या आणला तरी पंचाईत आहे. कधीच शाळेत न गेलेल्या खेड्यातल्या बाईची खूण ही तिच्या घरात तयार झालेली असते. कपाळावर अंगठा म्हणजे केम, हे सोलापूरच्या दुभाष्याला कसं कळावं?

आमची चुलती गेली तेव्हा हे मला पुरतं उमगलं. मुकी त्यानंतर बरीच वर्षं जगली. माझ्या बायकोला तिच्या खुणा येत होत्या, पण त्या रोजच्या : भूक, ताप, पाऊस, वीज गेली. मोठी, आतली गोष्ट समजणारं माणूस आईबरोबर गेलं. कधीमधी ओसरीवर बसून ती मला काहीतरी सांगायची. भुवईवर बोटानं रेघ ओढायची. मी मान हलवायचो. रेघेच्या पुढचं मला वाचता येत नव्हतं, आणि मला ते येत नाही हे तिला कळायचं. मग ती हसून हात झटकायची.

म्हणून मला वाटतं, खेड्यात या सोयींची सुरुवात इमारतीपासून करून भागणार नाही. उतार पाहिजे, कठडा पाहिजे, बसायचा संडास पाहिजे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचाच असतो, त्यातून ते होईल. पण त्याआधी गावात अशी किती बायका-मुली आहेत आणि प्रत्येकीचं बोलणं घराबाहेरच्या कुणाला समजतं, हे बघायला पाहिजे. आशाताईला, अंगणवाडीच्या बाईला प्रत्येक घर ठाऊक असतं. बहिऱ्या मुलीच्या खुणा शेजारच्या दोन बायकांनी शिकून घेतल्या तरी तिची साक्ष घराच्या बाहेर निघायला वाट झाली. बहिरं पोर लहानपणीच शाळेत गेलं तर फारच उत्तम, कारण मग तिची भाषा आईबरोबर संपत नाही.

आणि तक्रार तिनंच केली पाहिजे असं नाही. अत्याचार होतोय असं खरोखर वाटणारा कुणीही माणूस दिव्यांगांच्या कायद्याच्या ७ व्या कलमाखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तालुक्यात तहसीलदाराला, कळवू शकतो. तहसीलदारानं ते थांबवायचं, लागलं तर तिला तिथून सोडवायचं, संरक्षण द्यायचं. घरगुती हिंसाचाराची खबरही शेजारी संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतात, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर बालंट येत नाही. बाईला आणि दिव्यांगाला सरकारी वकील फुकट मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही.

लोक म्हणतात, दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं? पण आपण फेरफारासाठी, पीकविम्यासाठी, रस्त्याच्या खटल्यासाठी त्याच तहसीलदाराकडं वर्षाला दहा अर्ज करतो. शेजाऱ्यानं हातभर बांध कोरला तर दुसऱ्याचं घर म्हणून सोडून देत नाही.

अर्जाला चार ओळी पुरतात. बाईचं नाव, गाव, तिला काय होतंय आणि कोण करतंय. नावाच्या जागी मुकी, लंगडी लिहायचं नाही. रेशनकार्ड बघून खरं नाव लिहायचं. खाली आपली सही, तारीख, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही. आमच्या भागात कुणाला लिहिता येत नसेल तर मी लिहून देतो.